शेवट ऐकून ये

रत्नागिरी,
११ जानेवारी २०२५

उल्कावहिनी,

पाकिटावर सौ. लिहू की श्रीमती ते कळेना, म्हणून नुसतं नाव घातलंय. रागावू नकोस. साळवी सरांशी तू लग्न केलंस असं एकीने सांगितलं, दुसरी म्हणाली नाही केलंस. नीट चौकशी करायला मला तोंड नव्हतं. तू दापोलीला कुठल्या शाळेत आहेस तेही बदली होऊन इकडे आलेल्या एका बाईंकडून कळलं. घरचा पत्ता त्यांनी दिला असता, पण मी मागितला नाही. घरात आलेल्या पत्राचं काय होतं ते आपण दोघींनी पाहिलंय.

इकडचं सांगते. आप्पा आता चौऱ्याऐंशीचे झाले. कानात यंत्र घालतात आणि नको ते ऐकू यायला लागलं की काढून ठेवतात. काठी टेकत रोज बागेत फेरी मारतातच. गुरुप्रसादला साखर निघाली. तुझा दीर आणि बिनसाखरेचा चहा, विचार कर. मी कॉलेजात आता हेडक्लार्क आहे. तुझी खोली बंद असते. म्हणजे बंद नसते, मी झाडते, पण तिथे कोणी झोपत नाही.

लिहायचं कारण असं. येत्या ९ फेब्रुवारीला, रविवारी सकाळी दहा वाजता, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये एक कार्यक्रम आहे. ‘लिहित्या बायका’ असं नाव ठेवलंय. जिल्ह्यातल्या पाच नव्या लेखिका आपापलं गद्य वाचणार. आमच्या कॉलेजातल्या मराठीच्या निवृत्त बाई आहेत, गोदाताई. चार वर्षं त्या दर शनिवारी आम्हा आठ-दहा जणींना जमवून लिहायला बसवतात. कविता चालणार नाही असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणाल्या, “कवितेत लपता येतं. गद्यात पत्ता द्यावा लागतो.”

तर माझी कथा निवडली आहे. वीस मिनिटं मिळणार.

कथा दोन जावांची आहे. थोरलीचा नवरा बोटीवर असतानाच वारला. ती शाळेत शिकवते, तिला एक लहान मुलगी आहे. तिला एका माणसाची पत्रं येतात. फोन घरात सगळ्यांसमोर वाजतो आणि टपाल सासरे घेतात, म्हणून ती पत्रं धाकटीच्या कॉलेजच्या पत्त्यावर येतात. धाकटी डब्याच्या पिशवीतून ती घरी आणते. नावं बदलली आहेत. गाव बदललेलं नाही.

तुझी हरकत असेल तर कळव, मी दुसरं काहीतरी वाचेन. हरकत नसेल तर ये, असं म्हणायचा मला अधिकार नाही. सकाळी दहा वाजता आहे, एवढंच पुन्हा सांगते.

आर्या आता वीस वर्षांची असेल. तिला काकू आठवते का, हे विचारणार नाही असं ठरवलं होतं.

तुझी,
नीरजा


रत्नागिरी,
२७ जानेवारी २०२५

उल्कावहिनी,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलेलंही नव्हतं, तरी रोज कॉलेजात टपाल आलं की शिपायाच्या हातातून आधी मीच घेते. तो म्हणाला, “मॅडम, कोर्टाची नोटीस यायचीय काय?”

मागच्या पत्रात मी एक गोष्ट सांगितली नाही. कथेचा शेवट.

त्या गुरुवारचं तुला सांगायला नको, पण मी कसं पाहिलं ते सांगते. स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी आर्याचा जन्मदाखला हवा होता. तू शाळेत होतीस. आप्पांनी तुझं कपाट उघडलं आणि साडीच्या घडीतून दाखल्याऐवजी पत्रांचा गठ्ठा बाहेर आला. संध्याकाळी तू दारात चपला काढत होतीस तेव्हा तो गठ्ठा त्यांच्या मांडीवर होता. आवाज चढवला नव्हता त्यांनी. ते ओरडले असते तर कदाचित मी वेगळी वागले असते. नाही, हे खोटं आहे, खोडत नाही.

आप्पा म्हणाले, “पोस्टमन टपाल माझ्या हातात देतो. मग ही घरात आली कशी?”

 पाकिटं मी कॉलेजातच फाडून टाकायचे, म्हणून माझ्या पत्त्याचा कागद कुठेच नव्हता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “नीरजा, तुला ठाऊक होतं गो?”

मी म्हटलं, “नाही.”

एवढंच. पण त्या एका शब्दाने काय केलं ते मला पुढच्याच क्षणी कळलं. आप्पा म्हणाले, “म्हणजे ही स्वतः जाऊन आणायची. दोन वर्षं भेटत होती त्याला.” तुम्ही तोवर किती वेळा भेटला होतात? परीक्षेच्या कामाला साळवी सर तुझ्या शाळेत आले तेव्हा एकदा, आणि खेडच्या स्टेशनवर एकदा, तेही आर्या बरोबर असताना. मला ठाऊक होतं. माझ्या ‘नाही’ने पत्रांच्या भेटी झाल्या. आणि तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस. ‘हिनेच आणली’ असं एक वाक्य बोलली असतीस तर सुटली असतीस, निदान अर्धी. नाही बोललीस. दुसऱ्या दिवशी सकाळी आर्याचा हात धरून गेलीस. तिच्या दप्तराला पाण्याची बाटली लावायची राहिली होती. मी ती हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी होते, आणि तिथेच उभी राहिले.

कथेत असं होत नाही. कथेत धाकटी पुढे येते आणि म्हणते, “हो. मीच आणत होते. मला विचारा.”

गोदाताईंना तोच शेवट आवडला. म्हणाल्या, “धाकटी उभी राहते तिथे कथा उभी राहते.” सगळ्या जणींनी टाळ्या वाजवल्या. मी मान डोलावली. घरी येऊन पाहते तर गुरुप्रसादने ती कथा वाचलेली.  जेवताना म्हणाला, “तुला असं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.” मग म्हणाला, “मलाही.”

नीरजा


रत्नागिरी,
१० फेब्रुवारी २०२५

वहिनी,

काल काय झालं ते तुला आर्याने सांगितलं असेलच. तरी माझ्या बाजूने लिहिते.

आप्पा आले होते. यावं असं माझ्या मनात नव्हतं, पण पेपरात माझं नाव छापून आलं आणि त्यांनी ते तीन वेळा वाचलं. पांढरा सदरा घालून नऊ वाजताच रिक्षात बसले. कथा कशाची आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. गुरुप्रसाद म्हणाला, “आता सांगून टाक.” मी म्हटलं, वाचताना कळेल. कथेतली धाकटी शूर असल्यामुळे मला तेवढी भीतीही नव्हती. ती कथाच आहे, असं सांगता आलं असतं.

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. बायका जास्त. तिसरी लेखिका मालगुंडची मथुरा म्हणून होती. सुकी मासळी विकते. सगळी कथा तिने मोबाईलवर लिहिलेली आणि मोबाईलवरूनच वाचत होती. ऐन रंगात आली असताना फोन वाजला. नवरा. बाई माईकसमोरच, “चावी मोरीच्या फळीवर आहे, आता दुपारपर्यंत फोन करू नका,” म्हणाली, आणि तिथूनच पुढचं वाक्य वाचायला लागली. काय टाळ्या पडल्या! तू असतीस तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली असतीस. मी तुझी जागा शोधत होते. दाराजवळच्या सगळ्या खुर्च्या मी दोनदा पाहिल्या.

मग माझं नाव घेतलं. सुरुवात बरी झाली. डब्याच्या पिशवीपर्यंत आले तेव्हा आप्पा पुढे सरकून बसले. पत्रांच्या गठ्ठ्याशी आले तेव्हा सगळा हॉल शांत होता. मी वर पाहिलं. आप्पा माझ्याकडे अगदी तसंच पाहत होते, त्या गुरुवारसारखं. रागाने नाही गं, विचारल्यासारखं. जणू पुन्हा तोच प्रश्न विचारलाय आणि उत्तराची वाट पाहतायत.

पुढची ओळ कागदावर होती. ‘हो. मीच आणत होते.’ किती सोपी ओळ. ती वाचून मी खाली उतरले असते, टाळ्या पडल्या असत्या, आणि आप्पांनाही मी अकरा वर्षांनंतर अर्धं सत्य सांगून मोकळी झाले असते.

मला ती वाचता येईना.

मी कागद खाली ठेवला आणि म्हटलं, “इथे मी जे लिहिलंय तसं घडलं नाही. धाकटी ‘नाही’ म्हणाली. ती धाकटी मी आहे. पत्रं मी आणत होते, दोन वर्षं. माझी जाऊ त्या माणसाला लपून भेटत नव्हती. मी खोटं बोलले म्हणून ती घरातून गेली.” एवढंच बोलले. शेवट असा नसतो, हे मलाही कळतं. कोणी टाळी वाजवली नाही. गोदाताईंनी उठून माझ्या हातात पाण्याचा पेला दिला.

आप्पांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं.

खाली जिन्याशी एक उंच, चष्मेवाली मुलगी उभी होती. मी तिला ओळखलं नाही. आपल्या आर्याला मी ओळखलं नाही, वहिनी. ती “काकू” म्हणाली तेव्हा कळलं, कारण तो शब्द ती अजून तसाच ओढून म्हणते. पाचला उठून एस्टीने आलेली. मी तिचा हात धरला तर तिने धरू दिला, पण जवळ आली नाही.

म्हणाली, “आई नाही आली. मला म्हणाली, शेवट ऐकून ये.”

“ऐकलास ना?”

“हो.” मग म्हणाली, “आणखी एक निरोप आहे. आई म्हणते, अकरा वर्षांत पत्र लिहायला काकूला कथा लागली.”

 जेवून जा म्हटलं तर तिची गाडी होती. आप्पा रिक्षात बसलेले तिने लांबून पाहिले आणि दुसऱ्या बाजूने गेली.

घरी दुपारी पान वाढलं. आप्पा म्हणाले, “दोन वर्षं तू आणत होतीस?”

“हो.”

“आणि मी तिला...”  भात तसाच ठेवून उठले. संध्याकाळी ओटीवर बसून मला हाक मारली. मला वाटलं, आता बोलतील. विचारलं, “जिन्यात उभी होती ती आर्या काय?”

मी हो म्हटलं.

“उंच झाली,” म्हणाले.

नीरजा


रत्नागिरी,
१६ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

आर्याने दिलेला निरोप मी आठवडाभर घेऊन हिंडतेय. खरं आहे. मला कथा लागली. कथेसाठी परवानगी हवी म्हणून मला तुझा पत्ता शोधायचं धैर्य आलं. तुझ्यासाठी आलं नाही.

आज कथा नाही, कार्यक्रम नाही, काही विचारायचं नाही. एक सांगायचं आहे, आणि ते मी हॉलमध्येही सांगितलं नाही.

पाकिटं मी फाडायचे म्हणून लिहिलं होतं. फाडून मी पत्रं वाचायचे. सगळी. दुपारी जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डच्या खोलीत जाऊन, दार लावून. आधी वाटलं, एकदाच. मग त्या पत्रांची तुझ्याइतकीच मीही वाट पाहायला लागले. सर किती साधं लिहायचे! पेरूला बहर आला, पोरं आज पास झाली, दुपारी तुमची आठवण आली आणि मी छत्री विसरून आलो. मला कोणी असं लिहिलं नव्हतं. गुरुप्रसाद वाईट नाही, तुला ठाऊक आहे, पण लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि त्याने मला कधी एक ओळ लिहिली नव्हती. लिहायला कारणच नव्हतं, आम्ही एका घरात होतो. पोर झालं नाही त्याबद्दलही आम्ही कधी बोललो नाही. आर्या होती, म्हणून निभत होतं.

आप्पांनी विचारलं तेव्हा मी नुसती घाबरले नव्हते. तुझा हेवा वाटायचा मला. त्या ‘नाही’मध्ये तोही होता. एक घोटभरच असेल, पण होता. तू जाशील असं वाटलं नव्हतं. आर्या जाईल असं तर अजिबात वाटलं नव्हतं.

तुम्ही गेल्यावर पहिल्या महिन्यात मी रोज चार वाजता फाटकाशी जायचे. आर्याची शाळा सुटायची वेळ. पाय आपले जायचेच. मग कंटाळून म्हण, की कोणाला तरी सांगावं म्हणून म्हण, मी लिहायला लागले. छत्री विसरण्याबद्दल लिहिलं, पेरूबद्दल लिहिलं. गोदाताई म्हणतात माझं गद्य साधं आहे, कुठे शिकलीस? मी म्हणते, आपोआप.

हे पत्र कोणाला दाखवू नकोस. किंवा दाखव. तुझा हक्क आहे.

नीरजा


दापोली,
२२ फेब्रुवारी २०२५

नीरजा,

चारही पत्रं मिळाली. शाळेच्या पत्त्यावर पाठवू नकोस, शिपाई हसतो. घरचा पत्ता खाली दिलाय.

पत्रं तू वाचायचीस हे मला ठाऊक होतं. पाकिटाशिवाय आलेलं पत्र न वाचता कसं येईल? मला तेव्हा राग आला नाही. घरात आणखी कोणाला तरी ठाऊक आहे, याचा आधार वाटायचा. म्हणूनच तुझं ‘नाही’ लागलं.

मी तुझं नाव घेतलं नाही ते थोर मनाने नव्हे. आर्याला सोडून जायची वेळ आली असती तर तू तिचं केलं असतंस, म्हणून तुला त्या घरात ठेवायची होती. सकाळी तिला बरोबर नेता आलं.

२ मार्चला रविवार आहे. ये. रडत येऊ नकोस, शेजारी शाळेतले पालक राहतात.

उल्का


रत्नागिरी,
३ मार्च २०२५

वहिनी,

सुखरूप पोचले. कालचंच आहे, तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला लिहायचंय. कारण लागत नाही आता.

निघताना आप्पा फाटकापर्यंत आले. काठी भिंतीला टेकवून उभे राहिले. म्हणाले, “तिला म्हणावं...” मी थांबले. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. शेवटी म्हणाले, “म्हणावं, आंबा यंदा उशिरा आहे.” मी तुला हे सांगितलं तेव्हा तू भाजी चिरत होतीस. सुरी थांबली. मला वाटलं आता ऐकावं लागणार. तू म्हणालीस, “माफी मागायला इतकी वर्षं लागली, आणि म्हातारा अजून आंब्यापर्यंतच आलाय.” आणि हसलीस. तुझं ते मोठं हसू, पोटातून येणारं, आतल्या खोलीतून आर्या बाहेर आली पाहायला.

दार सरांनी उघडलं होतं. मी मनात कधीपासून त्यांचा चेहरा बनवून ठेवला होता, त्यातलं काही जुळलं नाही. मी नाव सांगायच्या आत म्हणाले, “माझी इतकी पत्रं तुमच्या हातून गेली आणि आपण आज भेटतोय.” माझे कान तापले. मी ती वाचायचे हे तू त्यांना सांगितलंस की नाही, मला कळलं नाही, कळू नये म्हणूनच ते चहा टाकायला गेले असावेत. भिंतीवर रजिस्टर ऑफिसातला तुमचा फोटो पाहिला, मध्ये दोन वेण्यांची आर्या. म्हणजे सौ. लिहायला हवं होतं.

त्या फोटोत मी नाही याचं मला किती वाईट वाटावं, सांग. मी हक्क घालवला होता. पण तुम्ही तिघंही छान दिसताय, आणि मी तो फोटो पाहत बसले तेव्हा मला आनंद झाला, हेही तितकंच खरं. दोन्ही एका वेळी झालं.

आर्याने मला तिची वही दाखवली. कलमं बांधण्याबद्दलच्या नोंदी, मध्येच चार ओळी कोणाकोणाबद्दलच्या. मी म्हटलं, हे गद्य आहे. ती म्हणाली, “काकू, तुला सगळं गद्यच दिसतं.” तिने तीनदा काकू म्हटलं काल. अकरा वर्षांत मला जे काही मिळालं ते सगळं एका बाजूला ठेवलं तरी ते तीनच जड भरतील.

तू मला माफ केलंस असं म्हणाली नाहीस. मीही विचारलं नाही. जेवताना तू मला दोनदा आमटी वाढलीस, आणि त्या गुरुवारबद्दल एकदा, सर आत असताना, म्हणालीस, “फार एकटं वाटलं गं.” मी म्हटलं, “हो.” 

मग स्टँड. ऊन कलायला लागलेलं. तू बाकावर बसलीस, शेंगांची पुडी घेतलीस, निम्मी मला दिलीस.  रत्नागिरीची साडेतीनची गाडी फलाटाला लागली. माणसं चढली. मी पिशवी उचलली, उठले. कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं, येताय की नाही.

तू गाडीकडे न बघता शेंग फोडलीस आणि म्हणालीस, “ही जाऊ दे.”

मी पिशवी खाली ठेवली.

नीरजा